तारामती कोण करणार?

1912 साली मुंबईत दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’ या चित्रपटाची जुळवाजुळव करत होते. कॅमेरा आला, कथा ठरली, हरिश्चंद्राच्या भूमिकेसाठी दत्तात्रय दामोदर दाबकेही मिळाले. अडले ते राणी तारामतीपाशी. जाहिराती देऊन झाल्या, कलावंतिणींच्या वस्तीत विचारून झाले, पण पडद्यावर यायला एकही बाई तयार होईना. शेवटी ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला लुगडे नेसवले गेले. 1913च्या मे महिन्यात प्रेक्षकांनी जी तारामती पाहिली, ती हीच.

त्या काळच्या प्रेक्षकाला यात वावगे वाटले नाही. 1843मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून स्त्रीपार्टी पुरुषच करत आले होते. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकरांनी सुभद्रा गाजवली. त्यांच्यानंतर आलेल्या बालगंधर्वांचा प्रभाव तर इतका, की घरंदाज स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या, त्यांच्यासारखा गजरा माळू लागल्या. बाईने कसे दिसावे, कसे लाजावे, याचा वस्तुपाठ मराठी स्त्रीला एका पुरुषाकडून मिळत होता. बालगंधर्वांची कला अस्सल होती, यात शंका नाही. पण ज्या रंगमंचावर ती फुलली, तिथे पाऊल टाकणाऱ्या बाईच्या अब्रूची समाजाने कधीच गय केली नाही.

आणि बायका नव्हत्या असेही नाही. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा पठ्ठे बापूरावांच्या फडात नाचत-गात होती, आणि तिच्या नावावर तमाशाला गर्दी लोटत होती. ती महार समाजातली. पांढरपेशा नाट्यगृहाच्या इतिहासात मात्र तमाशाच्या बोर्डावरची ही स्त्री बराच काळ धरलीच गेली नाही. फक्त स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही होत्या. त्यांत राजा, खलनायक, विदूषक सगळे बायकाच करत. त्यांची नावे आज नाट्येतिहासाच्या अभ्यासकांपलीकडे फारशी कोणाला ठाऊक नाहीत.

सगळ्यांत बोलके उदाहरण हिराबाई पेडणेकरांचे. सावंतवाडीकडच्या कलावंत घराण्यात जन्मलेल्या हिराबाईंनी 1904 साली ‘जयद्रथ विडंबन’ लिहिले. पुढे ललितकलादर्श मंडळीने त्यांचे ‘संगीत दामिनी’ रंगभूमीवर आणले, तेही नेमके 1912मध्ये. म्हणजे फाळक्यांना तारामती मिळत नव्हती, त्याच वर्षी मराठी रंगभूमीवर एका बाईने लिहिलेले नाटक उभे राहत होते, आणि त्यातल्या स्त्रिया पुरुष रंगवत होते. हिराबाईंच्या गिरगावातल्या घरी नामवंत नाटककारांची ऊठबस असे. तरी जन्माचा शिक्का पुसला गेला नाही. पुढे त्या मुंबई आणि लेखन दोन्ही सोडून कोकणात पालशेतला गेल्या.

फाळक्यांचा प्रश्न सुटला तो ‘मोहिनी भस्मासुर’ या चित्रपटात. पतीपासून वेगळ्या होऊन नाटकात पोट भरणाऱ्या दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची किशोरवयीन मुलगी कमला मोहिनी. या मायलेकींना गमावण्यासारखी प्रतिष्ठा समाजाने शिल्लकच ठेवली नव्हती. कमलाबाई पुढे गोखले झाल्या, तरुणपणीच विधवा झाल्या आणि तीन मुलांना त्यांनी नाटकाच्याच कमाईवर वाढवले. रंगमंचावर त्यांनी पुरुषांच्या भूमिकाही केल्या. चंद्रकांत गोखले त्यांचे चिरंजीव, विक्रम गोखले नातू.

त्यानंतर गोष्टी झपाट्याने बदलल्या. हिराबाई बडोदेकर आणि त्यांच्या भावंडांनी नूतन संगीत नाटक मंडळी काढली, आणि तिथे स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. 1933मध्ये नाट्यमन्वंतर या नाट्यसंस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा सुशिक्षित मध्यमवर्गालाही ते मान्य करावे लागले. बोलपटाने उरलेसुरले काम केले. जवळून टिपणाऱ्या कॅमेऱ्यापुढे आणि ध्वनिमुद्रणापुढे स्त्रीपार्टीचा निभाव लागणे अवघड होते. खुद्द बालगंधर्व 1935मध्ये प्रभात या चित्रपटसंस्थेच्या ‘धर्मात्मा’त आले ते एकनाथ होऊन.

त्याआधी, 1932 साली, प्रभातने हरिश्चंद्राची तीच कथा ‘अयोध्येचा राजा’ म्हणून पडद्यावर आणली होती. या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे: सुखवस्तू, उच्चवर्णीय घरातल्या, कॉलेजात शिकलेल्या. पहिल्या चित्रपटानंतर त्यांच्यावरही टीकेची झोड उठली होती. तरी त्या मागे हटल्या नाहीत. त्यांच्यामुळे ‘चांगल्या घरच्या’ मुलींना सिनेमाचे दार उघडले, असे नेहमी सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण ते दार आधी पवळेने, दुर्गाबाईंनी, कमलाबाईंनी आणि दोन्ही हिराबाईंनी आपापल्या अब्रूची किंमत मोजून किलकिले केले होते. दुर्गा खोटे यांना 1983मध्ये चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च सन्मान मिळाला, तो दादासाहेब फाळके यांच्याच नावाचा. ‘संगीत दामिनी’ लिहिणाऱ्या हिराबाई मात्र त्याच्या कितीतरी आधी, 1951 साली, पालशेतलाच वारल्या.