मंडईचा फुटबॉल आणि बाजाराचा फुटबॉल

श्रोतेहो, विषय फुटबॉलचा आहे. पण आपल्या अनुमतीने सुरुवात नाटकापासून करतो. दिवाळी आटोपली की आपल्या भंडारा-गोंदियाच्या आणि त्यापलीकडच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, मंडईच्या किंवा शंकरपटाच्या निमित्ताने मंडप पडतो, आणि कडाक्याच्या थंडीत पहाटेपर्यंत माणूस जागचा हलत नाही. पुण्या-मुंबईच्या पुष्कळशा नाट्यरसिकांना मात्र या रंगभूमीचे नावही ठाऊक नसते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा तिकडे चार दिवस चौकशी झाली, आणि पुन्हा सामसूम झाली. त्या रसिकाला विचारावे तर तो म्हणतो, "दर्जा असता तर आमच्या कानावर आलेच असते."

हे उत्तर आपल्याला खरे वाटत नाही, कारण मंडप आपण पाहिलेला असतो. पण फुटबॉलच्या बाबतीत हेच उत्तर आपण बिनदिक्कत देतो. इंग्लंडची लीग, म्हणजे तिथली वर्षभर चालणारी साखळी स्पर्धा, जगभर पाहिली जाते. भारताची, इजिप्तची किंवा अगदी ब्राझीलचीसुद्धा लीग तिच्या देशाबाहेर फारसे कोणी पाहत नाही. असे का, म्हटले की उत्तर तयार: दर्जा. हे उत्तर कितपत टिकते ते आज इतिहासात जाऊन पाहू.

ब्राझीलचेच घ्या. २४ सप्टेंबर १९७७ रोजी कलकत्त्याच्या ईडन गार्डन्सवर पेले खेळला. न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाकडून तो आला होता, समोर मोहन बागान होते, सामना २-२ असा सुटला. त्याला पाहायला सारे शहर लोटले होते. पण हाच पेले १९५६ ते १९७४ सँटोसकडून खेळला, साओ पाउलो राज्याच्या लीगमध्ये त्याने गोलांचा पाऊस पाडला. त्या लीगचा तक्ता त्या गर्दीतल्या किती जणांना सांगता आला असता? जगातला सर्वोत्तम खेळाडू ज्या लीगमध्ये अठरा वर्षे खेळला, ती लीग परदेशी चाहत्याला अपरिचितच राहिली. दर्जाचा मुद्दा इथेच लंगडा पडतो. ब्राझील देश एवढा अफाट, की तिथे आधी राज्याराज्यांच्या लीगच बहरल्या. सबंध देशाची म्हणावी अशी लीग १९७१ साली आली. शिवाय घड्याळाचा खोडा आहेच. तिथे रात्री साडेनऊला सुरू होणारा सामना आपल्याकडे सकाळी सहाला पडतो, तर इंग्लंडमधला शनिवारी दुपारी तीनचा सामना हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेआठला, जेवणखाण उरकून बसावे अशा वेळी येतो. निव्वळ सूर्याच्या कृपेने इंग्लंडला आशियाची रात्र मिळाली.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे, आणि मला ते फार गमतीचे वाटते. इंग्लंडात फुटबॉलच्या निकालांवर पैसे लावण्याचे कूपन भरण्याची प्रथा होती. उन्हाळ्यात तिथले सामने बंद पडत, म्हणून १९४९ पासून कूपनवर ऑस्ट्रेलियातले सामने छापू लागले. झाले! ज्या संघांचा खेळ कोणी कधी पाहिला नव्हता आणि पुढेही पाहणार नव्हता, त्यांची नावे लँकेशायरच्या गिरणीकामगाराला तोंडपाठ झाली. लक्ष वेधले गेले ते दर आठवड्याला कागदावर येणाऱ्या नावांमुळे. खेळाचा त्यात वाटा काहीच नव्हता.

दर आठवड्याला, हे शब्द जरा ध्यानात ठेवा. आपल्या भागातल्या माणसाला मंडई आणि आठवडी बाजार यांतला फरक सांगायला नको. मंडई वर्षातून एकदा येते. पाहुणे येतात, दंडार होते, खडी गंमत होते, आणि दुसऱ्या दिवशी मैदान मोकळे. बाजार मात्र दर आठवड्याला भरतो. तिथे कोणाचा भाव काय, कोणाचा माल कसा, कोणाशी कोणाचे बिनसले, हे माहीत होता होता माणूस त्या बाजाराचा होऊन जातो. फुटबॉलमधली कप स्पर्धा ही मंडई आहे आणि लीग हा बाजार.

आता १८८८ हे साल पाहा. त्या वर्षी इंग्लंडात विल्यम मॅकग्रेगर नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने १२ क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. गिरण्यांना शनिवारी दुपारनंतर सुट्टी मिळू लागली होती, गावे रेल्वेने जोडलेली होती. दर शनिवारी सामना हा नेम पडला. आणि त्याच १८८८ साली हिंदुस्थानात, सिमल्याला, सर मॉर्टिमर ड्युरँड यांच्या नावाचा कप सुरू झाला, तो लष्करी पलटणींच्या करमणुकीसाठी. एकाच राज्यकर्त्यांनी एकाच वर्षी आपल्या घरी बाजार मांडला आणि आमच्याकडे मंडई भरवली! यात त्यांचा काही कावा होता असे मी म्हणत नाही. पलटणी आज इथे तर उद्या तिथे. त्यांना कपच सोयीचा होता. पण त्या सोयीची किंमत पुढे शंभर वर्षे आपण मोजली.

मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला. पहिला मान वूस्टरशायर पलटणीने मिळवला. पुढची पंचेचाळीस वर्षे तो गोऱ्यांकडेच राहिला. १९२३ मध्ये मोहन बागान अंतिम सामन्यापर्यंत येऊन हरले, आणि १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो प्रथम जिंकला. १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे हैदराबाद सिटी पोलिसांनी तो सोडला नाही. त्यांचे गुरू सय्यद अब्दुल रहीम हेच राष्ट्रीय संघाचेही गुरू होते. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला. तिथे ऑस्ट्रेलियाला आपण ४-२ असे हरवले आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने एका सामन्यात तीन गोल केले. १९६२ साली जाकार्त्यात आपण आशियाई सुवर्णपदक जिंकले. म्हणजे दर्जा होता. नव्हती ती देशाची लीग. मेलबर्नमध्ये नेव्हिलचे तीन गोल पाहून भारून गेलेल्या एखाद्या परदेशी प्रेक्षकाने, हा पुढच्या शनिवारी कुठे खेळतो, असे विचारले असते, तर त्याला काय सांगणार होतो आपण? कूपरेजवर कप होईल तेव्हा या!

लीग मुळीच नव्हत्या असे नाही. कलकत्त्याची १८९८ पासून आहे, मुंबईची हारवूड लीग होती. पण त्या एकेका शहराच्या. त्यातही एक लीग एकदा शहराची वेस ओलांडून गेली, ती हकिगत सांगण्याजोगी आहे. १९३४ साली मोहमेडन स्पोर्टिंगने कलकत्ता लीग जिंकली. हा मान मिळवणारा तो पहिला हिंदी संघ, आणि त्याने तो ओळीने पाच वर्षे राखला. कलकत्ता ज्यांनी जन्मात पाहिले नव्हते असे दूरदूरच्या गावांतले मुसलमान त्या लीगच्या निकालाची वाट पाहू लागले. त्याच नावाचे क्लब गावोगाव निघाले, ढाक्याचा क्लब १९३६ सालचा. म्हणजे परका माणूस येतो तो दोन गोष्टींनी. निकाल नियमाने यावा लागतो, आणि त्या निकालात त्याचे स्वतःचे काही गुंतलेले असावे लागते.

हे गुंतणे आपल्याकडे नेमके संघांच्या घडणीमुळे अडले, असे माझे मत आहे. आमचे नामांकित संघ पोलिसांचे, रेल्वेचे, बँकांचे, कंपन्यांचे. मुंबईत टाटा, कॅल्टेक्स, मफतलाल, महिंद्र असे संघ. यात वाईट काही नव्हते. चांगल्या पायाला पक्की नोकरी मिळे आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन मिळे, हे युरोपातल्या त्या काळच्या खेळाडूच्या नशिबीही नव्हते. पण दादरच्या माणसाने हैदराबादच्या पोलिसांवर, किंवा हैदराबादच्या माणसाने मुंबईच्या तेलकंपनीवर जीव कसा टाकावा? आणि हिशेब बदलला की कंपनी संघ मिटवून टाकते. राष्ट्रीय लीग अखेर १९९६ साली सुरू झाली; पहिले विजेतेपद फगवाड्याच्या जेसीटी मिल्सकडे गेले. २००५-०६ ची लीग मुंबईच्या महिंद्र युनायटेडने जिंकली. २०११ साली हे दोन्ही संघ बंद झाले. लीग जिंकणारा क्लब पाच वर्षांत नाहीसा होतो, तिथे मँचेस्टरचा नव्हे, माटुंग्याचा चाहता तरी कसा टिकणार?

तोवर वेळही निघून गेली होती. १९८६ ची विश्वचषक स्पर्धा दूरदर्शनवर दिसली आणि मॅराडोना घरोघरी पोहोचला. १९९२ साली इंग्लंडची प्रीमियर लीग उपग्रह वाहिनीचा पैसा घेऊन जन्मली, आणि थोड्याच वर्षांत ती आपल्या बैठकीत आली. आमची राष्ट्रीय लीग जेव्हा पाळण्यात होती तेव्हा शेजारच्या घरात पहिलवान घुमत होता! गोव्याने त्यातही मान राखला. पणजीच्या धेंपो क्लबने २००४-०५ ते २०११-१२ या काळात पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवले. पण २०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि चित्र पालटले. देल पिएरो, त्रेझेगे, पिरेस, अनेल्का ही थोर नावे उतारवयात इथे खेळून गेली, मैदाने भरली. पण तो पहिला हंगाम १२ ऑक्टोबरला सुरू होऊन २० डिसेंबरला संपला. दहा आठवडे. पुन्हा मंडईच! त्या थोर नावांसाठी आलेला परदेशी प्रेक्षक त्यांच्याबरोबर परत गेला. आणि जुन्या लीगमधून धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा हे गोव्याचे तिन्ही क्लब २०१६ साली बाहेर पडले. पुढे हंगाम लांबला, खेळही सुधारला. एप्रिल २०२२ मध्ये मुंबई सिटीने इराकच्या हवाई दलाच्या संघाला २-१ असे हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय मिळवला. त्या रात्री मुंबईत कोणी फटाके उडवल्याचे माझ्या तरी कानावर नाही.

मग आपल्या मराठी मुलखात लीगवर जीव टाकणारे कोणी नाहीच की काय? आहे ना, कोल्हापूर आहे. तिथे कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ, ही नावेच पाहा. एकही कंपनी नाही, बँक नाही. पेठ आणि तालीम. शाहू स्टेडियमवर स्थानिक लीगचा सामना असला की अर्धे गाव तिथे, आणि पेठेपेठेतली चुरस कधी कधी हातघाईवरही येते, तेवढे सोडा. हा खरा आठवडी बाजार आहे, आणि मोहाडीत बसलेल्या आपल्यालाही त्याची फारशी खबर नाही. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला, तेव्हा बाहेरच्यांनी क्षणभर विचारले, की हा पोरगा आला कुठून? गंमत अशी, की विश्वचषक आला की याच पेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात. कोल्हापूर दक्षिण अमेरिकेवर प्रेम करते. दक्षिण अमेरिकेला कोल्हापूर माहीत नाही. त्यावाचून कोल्हापूरचे काही अडलेलेही नाही, कारण मैदान घरच्यांनी भरते.

याहून जवळचे सांगू का? कामठी. १८२१ मध्ये तिथे छावणी वसली, आणि छावणीचे गाव म्हणजे फुटबॉलचे गाव हे ठरलेलेच. कामठीचा रब्बानी क्लब आणि नागपूरचा यंग मुस्लिम क्लब यांच्यातला सामना भंडाऱ्याहून दोन तासांच्या आत जाऊन पाहता येतो. या मंडपातली जी तरुण मंडळी लिव्हरपूल आणि बार्सिलोना यांच्या अंगरख्यात आली आहेत, त्यांना मी हसत नाही. तो तक्ता दर आठवड्याला त्यांच्या हातातल्या पडद्यावर येतो, मेलबर्नच्या संघांची नावे लँकेशायरच्या कामगारासमोर यायची तसाच. पण लिव्हरपूलच्या दृष्टीने पाहिले तर ती परदेशी प्रेक्षक आहेत. आणि खरे सांगायचे तर कामठीच्या दृष्टीनेही परदेशीच.

जुलै २०२५ मध्ये सुपर लीगचा नवा हंगाम बेमुदत लांबणीवर टाकल्याची बातमी आली. राष्ट्रीय महासंघ आणि व्यापारी भागीदार यांच्यातला पंधरा वर्षांचा करार त्या डिसेंबरात संपायचा होता, आणि पुढचा झालेला नव्हता. करार सुटला की लीग अडते. खेळाडूंना आपण कधी, कुठे खेळणार हे ठाऊक नसते. त्या दिवसांत परदेशी प्रेक्षकांनी आवाज उठवला नाही याचे नवल नाही. आवाज उठवला तो खेळाडूंनी, प्रशिक्षकांनी आणि गोवा, केरळ, बंगाल इथल्या त्यांच्या त्यांच्या माणसांनी. कोल्हापूरच्या तालमींना असा करार कोणाशी करावाच लागला नव्हता.