मदतीची पारख : भीमथडी आणि इंदापूर यांची साक्ष

बारामती म्हटलें कीं मराठी रसिकास मोरोपंतांचें स्मरण होतें. परंतु आज आपणांस कऱ्हेच्या कांठच्या त्या कविपंढरीकडे जावयाचें नाहीं. तिच्या सभोंवारचा जो कोरडा मुलूख, जुन्या भीमथडी तालुक्याचा भाग आणि भीमा व नीरा या नद्यांच्या बेचक्यांत वसलेला इंदापूर तालुका, त्याच्या गेल्या दोनशें वर्षांच्या इतिहासांतील एक प्रश्न मी आज श्रोत्यांपुढें मांडणार आहें. या मुलुखांत पाऊस सरासरीनें वीस इंचांच्या आगेंमागें, आणि तोहि लहरी. त्यामुळें येथें मदत पुष्कळ वेळां आली. कधीं सरकारची, कधीं परदेशची. मदत आली म्हणजे तिच्याविषयीं बोलणारेहि येतात. कोणी म्हणतो ही मदत फार झाली, कोणी म्हणतो अपुरी पडली, कोणी म्हणतो मदतीनें माणूस आळशी होतो. या बोलण्यांतील ऐकण्यासारखें कोणतें आणि सोडून देण्यासारखें कोणतें? प्रश्न पंडितांचा वाटतो. पण त्याच्या उत्तरावर हजारों माणसांचे प्राण अवलंबून होते, हें हाच मुलूख सांगतो.

प्रथम इंदापूर घेऊं. पेशवाई जाऊन इंग्रजी अंमल बसल्यावर शेतसारा किती घ्यावा हा प्रश्न उत्पन्न झाला. रॉबर्ट प्रिंगल नांवाचे एक तरुण अधिकारी विलायतेंत हेलीबरी कॉलेजांत शिकून आले होते. रिकार्डो या अर्थशास्त्रज्ञाचा खंडाचा सिद्धान्त त्यांना सर्वथा प्रमाण वाटत होता. पिकाच्या किंमतीतून लागवडीचा खर्च वजा करावा, उरेल तें निव्वळ उत्पन्न, आणि त्याचे शेंकडा ५५ सरकारचे, असा त्यांचा हिशेब. कागदावर यापरतें न्याय्य कांहींच नाहीं! १८२४ ते १८२८ पर्यंत त्यांनीं पुणें जिल्ह्याची पाहणी केली. परंतु प्रत्येक शेताचा खर्च आणि उत्पन्न मोजणार कोण? तें काम हाताखालच्या कारकुनांकडे गेलें. त्यांनीं आंकडे कांहीं अजमासानें व कांहीं लांच घेऊन भरले. भाव उतरले तरी सारा उतरेना. रयत जमिनी टाकून शेजारच्या मुलुखांत गेली आणि इंदापूर तालुक्यांत शेतें ओस पडलीं.

तेव्हां गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट या दोघांस तेथें पाठविण्यांत आलें. १८३५-३६ च्या सुमारास त्यांनीं काम हातीं घेतलें. त्यांनीं सिद्धान्त बाजूस ठेवला. जमिनीची खोली किती, माती काळी कीं बरड, मागें वसूल प्रत्यक्षांत किती आला, एवढेंच ते पाहत. सारा हलका ठेवला आणि तीस वर्षें वाढविणार नाहीं असें अभिवचन दिलें. पडीत शेतें पुन्हां नांगराखालीं आलीं आणि इंदापूरची ही पद्धति पुढें मुंबई इलाख्याचा नमुना ठरली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. प्रिंगल हे दुष्ट नव्हते, आळशीहि नव्हते. त्यांची चूक एवढीच कीं, जें मोजतां येत नव्हतें तें मोजलें गेलें आहे असें त्यांनीं मानलें. गोल्डस्मिड-विंगेट यांची बुद्धि त्यांच्याहून मोठी होती असें नाहीं. ते शेताच्या बांधावर उभे राहिले होते.

तीस वर्षें सरलीं. १८६७ मध्यें इंदापूरच्या साऱ्याची फेरतपासणी झाली आणि त्यांत जबर वाढ करण्यांत आली. मधल्या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असल्यामुळें आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. रेल्वेच्या कामावर रोख मजुरी मिळाली होती. ती भरभराट कायमची आहे असें धरून वाढ झाली. युद्ध १८६५ मध्येंच संपलें होतें! भाव कोसळले, रेल्वेचें काम आटोपलें आणि सारा भरण्यासाठीं कुणबी सावकाराच्या ओट्यावर गेला.

याच सुमारास एक नवा आवाज उठला. २ एप्रिल १८७० रोजीं पुण्यास सार्वजनिक सभा स्थापन झाली. गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक सार्वजनिक काका म्हणत, हे तिचे प्राण. पुढें न्यायमूर्ति रानडे तिचे मार्गदर्शक झाले. सभेनें शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी करून १८७३ मध्यें अहवाल प्रसिद्ध केला. सरकारनें त्याकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. दोन वर्षांनीं, १२ मे १८७५ रोजीं, आज बारामती तालुक्यांत असलेल्या सुपें गांवीं बाजारच्या दिवशीं लोक सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि कर्जरोखे जाळले. दंग्याचें लोण पुणें व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलें. त्यावर कमिशन बसलें. बहुतेकांनीं सावकाराकडे बोट दाखविलें. ऑकलंड कॉल्व्हिन या सभासदानें मात्र साऱ्याच्या बोज्यावर वेगळें टिपण लिहून ठेवलें. १८७९ चा शेतकरी कर्जनिवारण कायदा या सर्वांचें फळ होय.

पण खरी कसोटी मध्येंच येऊन ठेपली. १८७६ चा पाऊस गेला. दख्खनवर दुष्काळ पडला. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनीं सर रिचर्ड टेंपल यांस आपला प्रतिनिधि म्हणून पाठविलें. या गृहस्थांची कथा विलक्षण आहे. १८७३-७४ मध्यें बिहारांत दुष्काळ पडला तेव्हां याच टेंपल यांनीं ब्रह्मदेशाहून लक्षावधि टन तांदूळ आणवून फारच थोडे लोक मरूं दिले. मदतकार्याच्या इतिहासांत असें यश विरळा. परंतु विलायतेंतील टीकाकार काय म्हणाले? उधळपट्टी झाली! इतके थोडे मेले त्या अर्थीं इतका खर्च करण्याचें कारणच नव्हतें! हजारों मैलांवर बसलेल्या लेखकांच्या या वाग्बाणांनीं टेंपल असे घायाळ झाले कीं, पुढील दुष्काळांत आपण काटकसर करूं शकतों हें सिद्ध करण्याचा त्यांनीं निश्चय केला.

त्या निश्चयाचें फळ दक्षिणेंत दिसलें. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या मजुरास रोजचें एक पौंड धान्य आणि वर थोडे पैसे पुरेत, असें टेंपल यांनीं ठरविलें. एक पौंड म्हणजे आपला पक्का अर्धा शेर देखील पुरता नाहीं. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनीं तत्काळ हरकत घेतली. त्यांचा युक्तिवाद साधा होता : तुरुंगांतल्या कैद्याला याहून अधिक अन्न मिळतें, मग उन्हांत राबणाऱ्या मनुष्याचें शरीर यावर कसें टिकेल? मुंबई इलाख्यांतहि मजुरीचे दर उतरविण्यांत आले. तेव्हां १८७७ च्या आरंभीं दुष्काळी कामांवरील हजारों मजूर काम सोडून निघाले. पोट रिकामें असतां मिळती मजुरी टाकून जाणें ही कांहीं सामान्य गोष्ट नव्हे. सरकारी कागदांत यास हट्ट म्हटलें असेल. उपाशी माणसानें दिलेला तो मदतीवरचा सर्वांत स्पष्ट अभिप्राय होता.

सार्वजनिक सभेनें या वेळीं जें केलें त्याला मी आजच्या भाषणाचा गाभा मानतों. तिनें केवळ निषेधाचा ठराव करून हातावर हात ठेवले नाहींत. जिल्ह्याजिल्ह्यांतून माहितगारांकडून वृत्त मागविलें. पिकें कशीं आहेत, धारण काय आहे, गुरें किती उरलीं, कामावर किती लोक आहेत, मजुरी काय मिळते, हें सर्व जमवून दुष्काळाचीं वृत्तें एकामागून एक सरकारकडे धाडलीं व छापलीं. त्यांत शिव्याशाप नाहींत. हिशेब आहे. सरकारला तें वाचून राग येई, पण खोडून काढतां येत नसे. सभेचीं हीं वृत्तें समुद्रापलीकडेहि गेलीं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीं हिंदुस्थान कधीं पाहिला नाहीं. परंतु सभेशीं पत्रव्यवहार ठेवून, अहवाल वाचून, १८७८ मध्यें ‘नाइन्टीन्थ सेंचुरी’ मासिकांत त्यांनीं हिंदी रयतेच्या कर्जबाजारीपणावर आणि दुष्काळावर कडक लेख लिहिला. म्हणजे दूरच्या मनुष्यानें बोलूंच नये असें नव्हे. बिहारवर टीका करणारेहि दूर होते आणि नाइटिंगेल बाईहि दूर होत्या. फरक इतकाच कीं, एकांनीं खर्चाची बाकी पाहिली आणि दुसरीनें जवळच्यांची साक्ष मागविली.

मद्रासेंत १८७७ च्या मे महिन्यांत मजुरी वाढवावी लागली. १८७८ मध्यें दुष्काळ कमिशन नेमलें गेलें, १८८० मध्यें त्याचा अहवाल आला आणि त्यांतून पुढें दुष्काळाचे नियम तयार झाले. कॉर्निश आणि सभा यांचें म्हणणें फुकट गेलें नाहीं. पण तें पटेपर्यंत लक्षावधि माणसें गेलीं होतीं.

परदेशच्या दानाचा उल्लेखहि येथेंच केला पाहिजे. १८७७ मध्यें लंडनच्या लॉर्ड मेयरनें मॅन्शन हाउस फंड उघडला. त्यांतील मोठा भाग मद्रासकडे गेला. १९०० च्या दुष्काळांत अमेरिकन लोकांनीं जमविलेला मका घेऊन ‘क्विटो’ हें जहाज मुंबई बंदरीं लागलें. दात्यांच्या अंतःकरणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु जहाज एकदां येतें; कालवा राहतो. दुष्काळी काम म्हणून ज्याची माती प्रथम उपसली गेली तो नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहूं लागला आणि भाटघरचें धरण १८९२ मध्यें पुरें झालें. सरकारची कल्पना अशी कीं, शेतकरी पाणी घेऊन आपलें धान्य वांचवील. शेतकऱ्यानें तसें केलें नाहीं. बऱ्या सालीं ज्वारी-बाजरी पावसावर येते, मग पट्टी कशाला भरावी? पाणी वाया जाऊं लागलें. पुढें सासवडकडील माळी कालव्याच्या कडेनें खालीं आले, त्यांनीं ऊंस लावला, आणि विश्वेश्वरय्या यांच्यासारख्या इंजिनिअरानें पाण्याच्या वांटणीची ब्लॉक पद्धति बसविली. योजकाचा अंदाज चुकला, कालवा मात्र फळला. आणि फळला तो कालव्याखालच्या पट्ट्यांत. सुप्याकडील जिराईत गांवें कोरडींच राहिलीं.

त्या कोरड्या गांवांकडे स्वातंत्र्यानंतर पुन्हां परदेशचें धान्य आलें. अमेरिकेच्या १९५४ च्या कायद्याखालीं गहूं येऊं लागला. साठीच्या दशकापासून ‘कासा’ या ख्रिस्ती संस्थेच्या साह्यानें बारामतीच्या जिराईत भागांत कामाच्या मोबदल्यांत धान्य देऊन पाझर तलाव खोदले गेले. तलावाखालच्या विहिरींना पाणी टिकूं लागलें. १९७१ मध्यें स्थापन झालेल्या कृषी विकास प्रतिष्ठानानें शेतीसुधारणेचें काम पुढें नेलें. हें श्रेय निःसंकोच दिलें पाहिजे. पण हिशेबाची दुसरी बाजूहि मांडली पाहिजे : ज्याची विहीर तलावाखालीं त्याला पाणी मिळालें, ज्यानें माती वाहिली पण ज्याला जमीनच नव्हती, त्याला त्या दिवसाचें धान्य मिळालें, एवढेंच.

१९७२ चा दुष्काळ अजून पुष्कळांच्या आठवणींत आहे. परदेशची तांबडी मायलो ज्वारी आणि सुकडी यांची चव ती पिढी विसरलेली नाहीं. १९७३ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांत सुमारे पन्नास लक्ष माणसें दुष्काळी कामांवर होतीं. मात्र या वेळीं एक नवी कल्पना रुजली. वि. स. पागे यांच्या पुढाकारानें रोजगार हमी योजना सुरू झाली. १९७७ मध्यें तिचा कायदा झाला आणि १९७९ मध्यें तो अंमलांत आला. काम मागणें हा मनुष्याचा हक्क आहे आणि त्यासाठीं शहरांतील नोकरदारानें व्यवसायकर भरावयाचा! शंभर वर्षांपूर्वीं काम टाकून निघालेल्या मजुरांस अभिप्राय देण्यास दुसरी वाट नव्हती. आतां त्याच अभिप्रायास कायद्याचें बळ आलें. २००५ चा केंद्राचा कायदा याच अनुभवावर उभा राहिला.

तर श्रोतेहो, मदतीवरचें बोलणें पुढेंहि कानांवर येत राहील. तें ऐकतांना इंदापूरचीं ओस शेतें आणि दुष्काळी कामावरील तो अर्धा शेर आठवावा. बोलणारा कोठें उभा आहे हें पाहावें. तो स्वतः तेथें नसेल तर त्यानें तेथल्या कोणाची साक्ष काढली आहे हें विचारावें. तो नुसता खर्च सांगतो कीं खाणाऱ्याच्या पानांत काय पडलें तेंहि सांगतो, हें पाहावें. आणि त्याचें म्हणणें चुकलें तर त्याची झळ कोणाला लागणार, हें ताडून पाहावें. बिहारच्या खर्चावर हंसणाऱ्या लेखकांना कांहींच सोसावें लागलें नाहीं. त्यांच्या शब्दांची किंमत दख्खनच्या मजुरानें रोजच्या अर्ध्या शेरानें भरली.