इतिहासाचे गृहशिक्षण (पेण व रोहा परिसर)

इतिहासाचे गृहशिक्षण म्हणजे मुलाने नियमित शाळेत न जाता, घरी पालकांच्या मार्गदर्शनाखाली केलेला इतिहासाचा अभ्यास होय. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा परिसरात या अभ्यासाला उपयोगी पडणारी साधने मुख्यतः चार प्रकारची आहेत: पाठ्यपुस्तके, गड व शिलालेख, शासकीय दप्तर आणि मौखिक परंपरा. शाळेत शिक्षकांचे स्पष्टीकरण व वर्गातील चर्चा यांतून चुकीच्या समजुती दुरुस्त होण्याची संधी असते. घरी हे काम प्रामुख्याने एक साधन दुसऱ्याशी ताडून पाहूनच करावे लागते.

पार्श्वभूमी

औपचारिक शाळेबाहेरील शिक्षणाचे रोह्यातील परिचित उदाहरण स्वाध्याय परिवाराचे प्रवर्तक पांडुरंगशास्त्री आठवले (१९२०–२००३) यांचे आहे. त्यांचा जन्म रोहा येथे झाला. ते बारा वर्षांचे असताना त्यांच्या आजोबांनी त्यांच्यासाठी प्राचीन तपोवन पद्धतीच्या धर्तीवर स्वतंत्र अभ्यासक्रम आखला. आजचे गृहशिक्षण हे त्याहून वेगळे आहे. त्यास शिक्षणविषयक कायदा व सार्वजनिक परीक्षा यांची चौकट आहे.

कायदा व परीक्षा

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षे वयोगटासाठी आहे. त्यात गृहशिक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही. औपचारिक प्रमाणपत्रासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या परीक्षा हा एक मार्ग आहे. राज्य मंडळाच्या दहावी व बारावीच्या परीक्षांना खासगी विद्यार्थी म्हणून बसण्यासाठी भरावयाचा अर्ज ‘१७ नंबरचा फॉर्म’ या नावाने ओळखला जातो.

पाठ्यपुस्तके

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती मंडळाची (बालभारती) स्थापना १९६७ मध्ये झाली. मंडळाची पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. चौथीचे ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक १९७० पासून पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले आहे. घटनांचा कालक्रम व राज्याचा व्यापक इतिहास यांसाठी ही पुस्तके पायाभूत ठरतात. स्थानिक इतिहासाला मात्र त्यांत मर्यादित जागा मिळते.

गड व शिलालेख

रोहा तालुक्यात अवचितगड, सुरगड, बिरवाडी व घोसाळगड, तर पेण तालुक्यात सांकशीचा किल्ला आहे. रोह्याजवळील अवचितगडावरील शिलालेखात शके १७१८, नळ नाम संवत्सर असा उल्लेख आहे. कालगणना शिकण्यासाठी हा लेख विशेष उपयुक्त आहे. शकात ७८ मिळवल्यास इसवी सन १७९६ येतो. शकात १२ मिळवून येणाऱ्या १७३० या संख्येस ६० ने भागल्यास बाकी ५० उरते, आणि साठ संवत्सरांच्या यादीत पन्नासावे नाव नळ हेच आहे. लेखातील शक व संवत्सर एकमेकांशी जुळतात, हे विद्यार्थ्यास अशा प्रकारे स्वतः पडताळता येते. लेख मात्र १७९६ चा असल्याने, त्यावरून गडाच्या मूळ बांधणीचा काळ ठरवता येत नाही.

शासकीय दप्तर

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कुलाबा व जंजिरा यांवरील अकरावा खंड १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. त्यामुळे त्यापूर्वीची कागदपत्रे ‘कुलाबा’ या नावाखाली शोधावी लागतात. गॅझेटियरमध्ये पिके, व्यापार, बंदरे व जमीन महसूल यांची तपशीलवार माहिती मिळते. तथापि हा ग्रंथ प्रशासनाच्या गरजेतून लिहिला गेल्याने त्यातील दृष्टी राज्यकर्त्यांची आहे.

विसाव्या शतकासाठी विधिमंडळ व संसदेतील कामकाजाच्या नोंदी उपयोगी पडतात. बालपणी रोह्याशी संबंध आलेले चिंतामणराव देशमुख हे लोकसभेत कुलाब्याचे प्रतिनिधी होते. मुंबईच्या प्रश्नावरून त्यांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. संयुक्त महाराष्ट्राचा विषय या नोंदींमधून मूळ शब्दांत अभ्यासता येतो.

मौखिक साधने

परिसरातील जनआंदोलनांची आठवण कुटुंबांमधूनही जपली गेली आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी उरण तालुक्यातील चिरनेर येथे जंगल सत्याग्रहातील लोकांवर गोळीबार झाला. तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून कुळांनी खोतीविरुद्ध संप केला. तो १९३९ पर्यंत चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. महसुली कागदपत्रांत न उमटणारी कुळांची बाजू अशा आठवणींतून कळते.

पेण शहर व त्यालगतच्या हमरापूर, जोहे या गावांतील गणेशमूर्तींचे कारखाने हेही अभ्यासाचे जिवंत साधन आहे. शाडूच्या मातीकडून प्लास्टर ऑफ पॅरिसकडे झालेला बदल, कामाची वाटणी व बाजारपेठ यांविषयी जुन्या कारागिरांच्या मुलाखती घेता येतात. मुलाखत देणाऱ्याची संमती घेणे आणि तारीख, स्थळ व त्याचे वय नोंदवणे आवश्यक असते.

मर्यादा

प्रत्येक साधनाला स्वतःची मर्यादा असते. पाठ्यपुस्तक संक्षिप्त असते, दप्तर सत्तेच्या बाजूने बोलते, आठवणीत काळाची सरमिसळ होते आणि गडांविषयीच्या अनेक कथांना समकालीन पुरावा नसतो. म्हणून एखाद्या घटनेसाठी किमान दोन भिन्न प्रकारची साधने पाहणे आणि दंतकथेची नोंद दंतकथा म्हणूनच करणे इष्ट ठरते. शिलालेखांवर खडू किंवा रंग लावून अक्षरे उठावदार केल्यास दगडाची हानी होऊ शकते. त्याऐवजी तिरप्या प्रकाशात छायाचित्र घेतात.