जोड कुणाशी लागली?

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या लहान कॉलेजांच्या मैदानांवर पांढऱ्या रेषा नव्यानं आखल्या जातात. त्याच सुमारास खेळाडूंचे आईवडील, माजी विद्यार्थी आणि मूठभर हौशी चाहते एक कागद पुढ्यात घेऊन बसतात. त्यावर येत्या हंगामाचं वेळापत्रक असतं. एकेका ओळीवर बोट ठेवून अंदाज बांधले जातात. हा सामना आपला. हा अवघड, पण त्यांचा गोलरक्षक यंदा पदवी घेऊन गेला. बुधवारचा हा धोक्याचा, कारण शनिवारी पुन्हा बसमध्ये पाच तास. जत्रेच्या मैदानात कुस्त्या नेमल्या गेल्या की गावच्या पारावर जे चालतं तेच इथं चालतं. कोण कुणाला भारी, यापेक्षा कुणाची जोड कुणाशी लावली, हीच चर्चा जास्त रंगते.

हा खेळ पायानं खेळायचा फुटबॉल. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणावं लागतं, कारण फुटबॉल हे नाव तिथं बहुतांशी हातानं खेळल्या जाणाऱ्या एका धसमुसळ्या खेळानं केव्हाच बळकावलं आहे.

या खेळाच्या कॉलेजविश्वातली जुनी जोड सांगायची तर 1 एप्रिल 1905 या दिवसाकडे जावं लागतं. फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड या क्वेकर पंथीयांच्या छोट्या कॉलेजचा संघ केंब्रिजला जाऊन हार्वर्डशी खेळला आणि 1-0 नं जिंकला. आधुनिक नियमांनी झालेला अमेरिकेतला पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना म्हणून त्याची नोंद होते. त्याच वर्षी हॅवरफर्ड, हार्वर्ड, कोलंबिया, कॉर्नेल आणि पेनसिल्व्हेनिया अशा पाच संस्थांची साखळी उभी राहिली. मूठभर विद्यार्थ्यांचं कॉलेज आणि चार नामांकित विद्यापीठं एकाच तक्त्यात! लहान कॉलेजांचे सामने वेगळ्या कप्प्यात टाकण्याची कल्पना तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हती. जोड लागायची ती रेल्वेनं कुठवर जाता येतं आणि समोरच्या संस्थेत आपल्या ओळखीचं कोण आहे, यावर.

ओळखीवर सामने ठरवण्याची ही रीत फुटबॉलपेक्षा जुनी आहे. मॅसॅच्युसेट्समधलं अ‍ॅमहर्स्ट कॉलेज 1821 मध्ये निघालं, ते विल्यम्स कॉलेजचे अध्यक्ष काही विद्यार्थ्यांसह तिथून बाहेर पडल्यामुळे. हे भाऊबंदकीचं नातं 1859 च्या जुलैत मैदानात उतरलं. पिट्सफील्ड गावी दोन्ही कॉलेजं बेसबॉल खेळली आणि अ‍ॅमहर्स्टनं 73-32 असा विजय मिळवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बुद्धिबळाचा डावही मांडला, तोही अ‍ॅमहर्स्टनंच जिंकला. विल्यम्सवाल्यांना ते दोन दिवस फार जड गेले असणार. पण वेळापत्रकात कुणाचं नाव आधी लिहायचं, हा प्रश्न या दोघांना त्यानंतर कधी पडला नाही.

खरी अडचण पुढं आली. 1926 पासून जुन्या साखळीच्या जागी एक व्यापक संघटना आली. संघ वाढले, पण सगळ्यांनी सगळ्यांशी खेळणं शक्य नव्हतं आणि शेवटी अंतिम सामनाही नव्हता. हंगाम संपल्यावर संघटना कामगिरी पाहून सर्वोत्तम संघ जाहीर करायची, आणि कधी कधी एकाच वर्षाचा मान दोन-तीन संघांत वाटला जायचा. दोन संघ अपराजित, पण एकमेकांशी खेळलेच नाहीत. मग थोर कोण? उत्तर एकाच ठिकाणी शोधता येत होतं. कोण कुणाशी खेळलं, तो कागद पुन्हा उघडायचा. वेळापत्रक जोखण्याची विद्या इथून सुरू झाली. गंमत अशी की तेव्हा ते हंगाम सरल्यावर वाचलं जायचं, सुरू होण्याआधी नव्हे.

राष्ट्रीय क्रीडा संघटना एनसीएएनं 1959 मध्ये बाद फेरीची स्पर्धा सुरू केली आणि सेंट लुईस विद्यापीठ पहिलं विजेतं ठरलं. 1973 मध्ये संघटनेनं आपल्या सदस्य संस्थांचे तीन विभाग पाडले. तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायची नाही, असा नियम झाला. लहान कॉलेजं बहुतांशी इथंच आली. त्यांची स्वतंत्र फुटबॉल स्पर्धा 1974 मध्ये झाली. पहिलं विजेतेपद न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉकपोर्टनं मिळवलं, ते हॅवरफर्डच्या शेजारच्या स्वार्थमोर कॉलेजला हरवून. महिलांची स्पर्धा मात्र 1986 पर्यंत थांबून राहिली.

या काळात न्यू इंग्लंडमधल्या काही कॉलेजांचं वागणं आजच्या चाहत्याला बुचकळ्यात टाकेल. अ‍ॅमहर्स्ट, विल्यम्स, मिडलबरी, बोडन, टफ्ट्स अशा अकरा संस्थांनी 1971 मध्ये नेस्कॅक नावाची कॉन्फरन्स, म्हणजे कॉलेजांचा क्रीडागट, स्थापली, पण आपल्या संघांना राष्ट्रीय स्पर्धेत पाठवायचं नाही असं ठरवलं. अभ्यास आधी, खेळ नंतर. एखादा संघ सगळे सामने जिंकला तरी त्याला राष्ट्रीय स्पर्धेचं दार बंदच. वेळापत्रक बघून पुढचा हिशेब करण्याचं कारणच नव्हतं, म्हणून ते सोयीनं आखलं जायचं. जवळचं कॉलेज, जुना शेजारी, परीक्षांच्या आधी घरी परतता येईल असं ठिकाण. 1993 मध्ये ही बंदी उठली आणि दोनच वर्षांत, 1995 ला, विल्यम्सनं पुरुषांचं राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. इतकी वर्षं दाराबाहेर कोण उभं होतं, ते त्या दिवशी बाकीच्यांना कळलं. पुढं मिडलबरी, टफ्ट्स आणि अ‍ॅमहर्स्टही विजेते झाले. टफ्ट्सनं तर 2014 ते 2019 दरम्यान चारदा बाजी मारली.

दार उघडलं आणि वेळापत्रकाला गणित चिकटलं. तिसऱ्या विभागात पुरुषांचे चारशेहून अधिक संघ आहेत आणि स्पर्धेत जागा चौसष्ट. त्यातल्या बहुतेक जागा कॉन्फरन्सच्या विजेत्यांना थेट जातात. उरलेल्या विसेक जागांसाठी बाकीच्यांची तुलना करायची कशी? संघ निवडणाऱ्या समितीनं वर्षानुवर्षं वापरलेल्या कसोट्यांपैकी एक होती वेळापत्रकाचं वजन. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या प्रमाणाला दोन भाग आणि त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रमाणाला एक भाग. पहिला आकडा 0.560 आणि दुसरा 0.520 असेल, तर वजन आलं 0.547. दिसायला निरुपद्रवी, पण याच आकड्यावर नोव्हेंबरात कुणाची बस सुटायची आणि कुणाचे बूट कपाटात जायचे.

चाणाक्ष कोचांना या सूत्रातली फट लवकर सापडली. ते संघाचं बळ मोजत नव्हतं, त्याची विजयसंख्या मोजत होतं. दुबळ्या कॉन्फरन्समध्ये चौदा सामने जिंकणारा संघ कागदावर भारी दिसायचा. तगड्या कॉन्फरन्समध्ये निम्मे सामने हरणारा खरा दांडगा संघ मात्र हलका ठरायचा. त्यामुळे वेळापत्रक आखताना वेगळाच शोध सुरू झाला: हरवता येईल, पण इतरांशी भरपूर जिंकेल असा प्रतिस्पर्धी कुठं मिळेल? जत्रेतल्या पंचानं ऐकलं असतं तर हसून म्हणाला असता, नावाचा मल्ल हवा, पण पाठ टेकणारा. प्रत्यक्षात हा डाव उलटायचाही. सामने वर्ष-दोन वर्षं आधी ठरतात आणि चार वर्षांनी संघ अख्खा बदलतो. ज्याला पाहून करार केला तो संघ प्रत्यक्षात समोर येतो तेव्हा त्यातले निम्मे खेळाडू नोकरीला लागलेले असतात.

पेनसिल्व्हेनियातलं मेसायाह हे या विभागातलं सर्वांत वजनदार नाव. 2000 ते 2017 या काळात त्यांच्या पुरुष संघानं अकरा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली. अशा संघाशी सामना घ्यावा की टाळावा, हा प्रश्न शेजारच्या कोचांना दरवर्षी पडत असणार. हरलात तर एक पराभव पदरात, पण वेळापत्रकाचं वजन वाढलं. टाळलात तर समिती विचारणार, मग खेळलात कुणाशी?

भूगोलाचाही त्यात हात असतो. बोडन कॉलेज मेन राज्यात आणि हॅमिल्टन न्यूयॉर्क राज्याच्या आतल्या भागात. दोन्ही एकाच कॉन्फरन्समध्ये, मध्ये बसचे पाच-सहा तास. 1986 मध्ये स्थापन झालेल्या यूएए या दुसऱ्या कॉन्फरन्सची तऱ्हा तर आणखी निराळी. शिकागो, एमरी, न्यूयॉर्क, सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ असे शहरी सदस्य, त्यामुळे लांबच्या सामन्यांना विमानानं जायचं आणि आठवड्याअखेर एकाच दौऱ्यात दोन सामने उरकून परतायचं. कॉन्फरन्सअंतर्गत सामने अवघे सात, त्यामुळे एक बरोबरीसुद्धा महागात पडते. 2022 मध्ये शिकागोनं ही वाट पार करत एकही सामना न गमावता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. त्यांच्या प्रशिक्षक ज्युलियान सिच या पुरुष संघाला एनसीएए फुटबॉलचं विजेतेपद मिळवून देणाऱ्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक ठरल्या.

त्याच वर्षी एक बदल असा झाला की घरबसल्या अंदाज बांधणाऱ्यांची तारांबळ उडाली. साखळी सामन्यांतला जादा वेळ रद्द झाला. नव्वद मिनिटं संपली आणि गोल सारखे असले की बरोबरी. पूर्वी ज्या ओळीपुढं बहुधा 'जिंकू' किंवा 'हरू' लिहून मोकळं होता यायचं, तिथं आता तिसरा रकाना पक्का झाला. बरोबरी म्हणजे अर्धा विजय, आणि अर्ध्या विजयांवर जागा हुकलेल्यांची हळहळ सगळ्यात लांब चालते.

2024 च्या हंगामापासून जुनं सूत्रही मागं पडलं. आता एनपीआय नावाचा निर्देशांक प्रत्येक सामन्याला प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीनुसार मोल देतो. तगड्याला हरवलं तर जास्तीचे गुण मिळतात. अगदी दुबळ्यावरच्या विजयानं सरासरी खाली येत असेल, तर ठराविक विजयांनंतर तो हिशेबातून वगळताही येतो. समितीच्या बंद खोलीतला वाद बराचसा संगणकाकडे गेला. ऑगस्टमधली बैठक मात्र संपली नाही, उलट लांबली, कारण आता कुणालाही घरी बसून आकडेमोड करता येते.

या सगळ्या उलथापालथीत हॅवरफर्ड आणि स्वार्थमोर अजून एकाच कॉन्फरन्समध्ये आहेत. दोघांत अंतर पंधरा-सोळा किलोमीटरचं. दोन्हींच्या कागदावर दर शरद ऋतूत एकमेकांचं नाव असतं. त्या ओळीपाशी आल्यावर चाहते एनपीआय काढायला जात नाहीत. सामना आपल्या मैदानावर आहे की त्यांच्या, एवढंच आधी पाहतात.