वर्तुळांतील छाया

पावसाळा सरत आला म्हणजे मावळांतील वडिवळ्याच्या जलाशयाकाठीं घटकाभर बसणें हा आमचा आवडता क्रम आहे. वारा पडला कीं पलीकडचे डोंगर पाण्यांत उलटे उभे राहतात, हें परावर्तन. काठाशीं रोवलेली काठी पाण्याच्या पृष्ठाशीं मोडल्यासारखी दिसते, आणि चार हात खोल असलेला तळ वरून पाहणारास तीन हातच भासतो, हें वक्रीभवन. एकदां तेथील एका गुराखी मुलास आम्हीं विचारलें, "बाळ, काठी मोडली काय रे?" उत्तर देण्यापूर्वीं त्यानें काठीवरून हात फिरवीत तो पाण्याखालीं नेला आणि मग म्हणाला, "न्हाई जी, सरळच हाय."

ज्या नियमानें ती काठी मोडलेली दिसते, तो शोधणारांचीं नांवें आम्ही वर्गांत आदरानें उच्चारतों: 984 च्या सुमारास बगदादमधील इब्न सह्ल, 1621 त हॉलंडमधील स्नेल, 1637 त तोच नियम प्रसिद्ध करून इंद्रधनुष्याची उपपत्ति सांगणारा देकार्त. परंतु डोळ्यांस दिसलेल्या गोष्टीची हातानें खात्री करून घेणारांचीं नांवें इतिहासांत क्वचितच येतात. याच सह्याद्रीवर, वडिवळ्याच्या बऱ्याच उत्तरेस, हरिश्चंद्रगडावर घडलेला एक प्रसंग या दृष्टीनें मननीय आहे.

मुंबई सरकारनें 1824 सालीं विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करण्याच्या कामावर नेमिलें. त्या काळांत केलेल्या हवामानविषयक निरीक्षणांचा त्याचा निबंध 1835 त लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यांत तो सांगतो कीं, तो गडाच्या कड्याच्या धारेवर उभा असतां कोंकणांतून धुकें वर चढून आलें होतें, पण पठारावर शिरलें नव्हतें. पाठीशीं निरभ्र आकाशांतील सूर्य, तोही क्षितिजाजवळ. समोर धुक्यांत रंगांचें पूर्ण वर्तुळ उमटलें, आणि त्याच्या मध्यभागीं तो स्वतः, त्याचा घोडा व बरोबरचीं माणसें यांच्या छाया स्पष्ट दिसूं लागल्या.

साइक्सनें त्यास वर्तुळाकार इंद्रधनुष्य म्हटलें. अशा दृश्यास आज आपल्याकडील गिरिभ्रमण करणारे इंद्रवज्र म्हणतात. सामान्य इंद्रधनुष्यांत किरण पावसाच्या थेंबांत शिरतांना वांकतो, आंत परावर्तित होतो व बाहेर पडतांना पुन्हां वांकतो; म्हणून तें सूर्याच्या विरुद्ध बिंदूपासून सुमारें 42 अंशांवर दिसतें. जमीन आड आल्यामुळें आपणांस त्याची कमान तेवढी दिसते. इंद्रवज्राचें वलय फार लहान, छायेच्या मस्तकाभोवतीं कांहीं अंशांचेंच असतें. धुक्याचे कण इतके सूक्ष्म कीं तेथें सरळ किरणांचा हिशेब पुरत नाहीं. प्रकाश तरंगरूप धरावा लागतो.

आतां मुद्द्याची गोष्ट. साइक्सच्या चाकरांस त्या छाया आपल्याच आहेत हें खरें वाटेना. तेव्हां त्यांनीं हातपाय हलविले, अंगें निरनिराळ्या प्रकारें वांकविलीं, आणि वर्तुळांतील आकृत्या तसेंच करतात कीं नाहीं तें पाहिलें. हें सर्व साइक्सनेंच लिहून ठेविलें आहे. पण त्यांच्या मनांतील भावास तो अंधश्रद्धा म्हणतो, व नांव एकाचेंही देत नाहीं. आम्हांस हा निवाडा मान्य नाहीं. संशय येणें, मग एक गोष्ट स्वतः बदलून दुसरी बदलते काय तें पाहणें, यालाच आम्ही महाविद्यालयांत प्रयोग म्हणतों.

1894 सालीं स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर चार्ल्स विल्सन या तरुणानें ढगांवर असेंच वलय पाहिलें. तें प्रयोगशाळेंत उत्पन्न करावें म्हणून त्यानें खटपट आरंभिली. तींतून मेघपेटी निघाली, आणि 1927 त त्यास नोबेल पारितोषिक मिळालें. त्याच्या मागें केंब्रिजची प्रयोगशाळा होती. हरिश्चंद्रगडावरील माणसांच्या मागें तसें कांहीं नव्हतें. त्यांची खात्री झाली, आणि गोष्ट तेथेंच संपली.

वडिवळ्याच्या त्या मुलाची आठवण झाली म्हणजे आम्हांस हळहळ वाटते. काठी सरळ आहे हें त्यानें स्वतःच ठरविलें होतें. मग ती वांकडी कां दिसते, हें त्याला सांगणें आमचें काम होतें. आम्ही मात्र कामशेतची गाडी गांठण्यासाठीं उठलों.