पिवळ्या बल्बच्या आत काय काय असतं? प्रत्येक भाग आणि त्याचं काम

प्रोसेसर, कॅमेरा सेन्सर, बॅटरी हे आपले नेहमीचे विषय. आज मात्र अशा वस्तूकडे बघू, जिच्यात एकही चिप नाही आणि एका ओळीचाही कोड नाही. आपला जुना पिवळा बल्ब. मी दिवसभर कोड लिहितो, आणि कोडमध्ये काय चाललंय हे डोळ्यांनी कधीच दिसत नाही. बल्बचं तसं नाही. काच पारदर्शक असेल तर सगळे भाग समोर दिसतात, आणि कुठलाच भाग उगाच ठेवलेला नाही.

सगळ्या भागांचं काम मिळून एकच आहे: बारीकशी तार भयंकर तापवायची आणि तरीही तिला जास्तीत जास्त दिवस जगवायची. हे लक्षात ठेवलं की बाकी सगळं सोपं आहे.

बल्ब पेटतो म्हणजे नेमकं काय होतं?

लोखंडाचा तुकडा भट्टीत घातला की तो आधी लाल होतो, मग केशरी, मग पिवळसर. कुठलीही घन वस्तू खूप तापली की प्रकाश देते. बल्बमध्ये भट्टीऐवजी वीज आहे, एवढाच फरक. तारेतून करंट जाताना तारेचा रोध त्याला अडवतो, त्यातून उष्णता तयार होते आणि तार उजळते.

साध्या बल्बची तार साधारण २७०० केल्व्हिनला, म्हणजे सुमारे २४०० अंश सेल्सिअसला चालते. २७०० हा आकडा ओळखीचा वाटला का? 'वॉर्म व्हाइट' एलईडीच्या खोक्यावर २७०० के लिहिलेलं असतं, ते इथूनच आलं. एलईडी स्वतः एवढा तापत नाही, तो फक्त तापलेल्या तारेच्या रंगाची नक्कल करतो. फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडला व्हाइट बॅलन्समध्ये बल्बचं चित्र दिसतं, तेही याच पिवळट उजेडासाठी.

१. फिलामेंट

शाळेच्या पुस्तकात हिला 'कुंतल' म्हणतात. ही तार टंगस्टनची असते, कारण टंगस्टन ३४२२ अंश सेल्सिअसला वितळतो. इतक्या उशिरा वितळणारा दुसरा धातू नाही.

१८७९ साली एडिसन यांनी अमेरिकेत जो बल्ब पेटवून दाखवला, त्यात टंगस्टन नव्हता, कार्बन होता. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान हेही त्याच काळात कार्बनच्या बल्बवर काम करत होते. कार्बन जास्त तापवला की त्याची वाफ लवकर होते, म्हणून ते बल्ब मंद ठेवावे लागत. टंगस्टन चांगला होता, पण ठिसूळ. त्याची लवचीक तार ओढण्याची पद्धत जनरल इलेक्ट्रिकच्या विल्यम कूलिज यांनी १९१० च्या सुमारास बसवली, आणि मग टंगस्टनच सगळीकडे आला.

ही तार केवढी असते? अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या, ६० वॉट बल्बची तार सरळ केली तर साधारण ५८ सेंटीमीटर भरते आणि तिची जाडी ०.०४६ मिलिमीटर असते. आपल्याकडच्या २३० व्होल्टसाठी रोध जास्त लागतो, म्हणून तार आणखी लांब आणि बारीक. एवढी तार मावावी म्हणून तिची स्प्रिंगसारखी गुंडाळी करतात, आणि बऱ्याच बल्बमध्ये त्या गुंडाळीची पुन्हा गुंडाळी. यामागे जागेशिवाय आणखी एक कारण आहे, ते पुढच्या भागात येईल.

२. काच आणि आतला वायू

तापलेल्या टंगस्टनला ऑक्सिजन मिळाला की तो लगेच जळतो आणि पांढरा धूर-भुकटी होते. तडा गेलेल्या बल्बमध्ये आतून पांढरं दिसतं ते हेच. म्हणजे काचेचं पहिलं काम उजेड बाहेर सोडणं नाही, हवा बाहेर ठेवणं आहे. दुधी बल्बमध्ये काच आतून खरबरीत केलेली किंवा पांढरा थर दिलेली असते. त्यामुळे उजेड पसरतो आणि डोळ्यांना तार टोचत नाही.

सुरुवातीचे बल्ब आतून निर्वात असायचे. पण निर्वात जागेत टंगस्टनचे अणू तारेवरून सहज उडून जातात. १९१३ च्या सुमारास जनरल इलेक्ट्रिकच्याच अर्व्हिंग लँगम्युअर यांनी उपाय काढला: आत निष्क्रिय वायू भरा. मग उडालेला अणू वायूच्या कणांवर आपटतो आणि बरेचदा तारेकडेच परत येतो. आज साध्या बल्बमध्ये मुख्यतः आरगॉन असतो, कारण तो जड आहे आणि उष्णता कमी वाहून नेतो. सोबत थोडा नायट्रोजन असतो, म्हणजे दोन तारांमध्ये ठिणगी पडत नाही.

पण वायू तारेची उष्णताही पळवतो. म्हणून ती गुंडाळी. जवळजवळ असलेले वेढे एकमेकांना गरम ठेवतात आणि वायूला थंड करायला मोकळी तार कमी मिळते.

३. मधला काचेचा खांब आणि आधाराच्या तारा

बल्बच्या मधोमध काचेचा छोटा खांब दिसतो. त्यातून दोन जाड तारा वर जातात आणि फिलामेंटच्या दोन टोकांना धरतात. मध्ये एक-दोन बारीक आकडे असतात, ते बहुधा मॉलिब्डेनमचे. त्यांच्यात वीज आणायचं काम नाही, तार लोंबू नये म्हणून ते फक्त आधार देतात.

इथे खरी अडचण काच आणि धातूच्या सांध्याची. तापल्यावर धातू काचेपेक्षा जास्त फुगला तर काच तडकणार आणि हवा आत शिरणार. म्हणून काचेतून जाणारा तारेचा तुकडा खास असतो: आत लोखंड-निकेलचा मिश्रधातू, वर तांब्याचं आवरण. त्याचं प्रसरण काचेशी जुळतं, त्यामुळे सांधा हवाबंद राहतो.

बऱ्याच बल्बमध्ये याच तारांच्या वाटेत एक बारीक फ्यूज असतो. फिलामेंट तुटताना तुटलेल्या टोकांमध्ये ठिणगी धरली तर करंट एकदम वाढतो. तेव्हा हा फ्यूज वितळून सर्किट तोडतो.

४. खालची टोपी

आपल्या घरांतली नेहमीची टोपी म्हणजे बी-२२. २२ मिलिमीटर व्यास आणि बाजूला दोन पिना. दाबायचं आणि फिरवायचं, की पिना होल्डरच्या खाचेत अडकतात. तळाशी डागाचे दोन ठिपके दिसतात, वीज त्यांतूनच आत जाते आणि बाहेर येते. दोन्हींच्या मधे काळा इन्सुलेटर असतो.

दुसरा प्रकार आट्यांचा, ई-२७. यात तळाचा मधला ठिपका एक टोक आणि आटे दुसरं टोक. म्हणून अशा होल्डरला फेज मधल्या बिंदूलाच जोडावी लागते. उलटी जोडली तर बल्ब बदलताना बोट आट्यांना लागलं की शॉक बसू शकतो.

बल्ब चालू करतानाच का उडतो?

हा अनुभव सगळ्यांचा आहे. आता थोडं गणित करू. ६० वॉटचा बल्ब २३० व्होल्टवर साधारण ०.२६ अँपिअर घेतो. म्हणजे पेटलेल्या तारेचा रोध जवळपास ८८० ओहम. आता तोच बल्ब होल्डरमधून काढा, पूर्ण थंड होऊ द्या आणि मल्टिमीटरने मोजा. रोध दहा-पंधरा पट कमी दिसेल. टंगस्टन तापला की त्याचा रोध वाढतो, म्हणून हा फरक.

म्हणजे स्विच दाबल्याच्या पहिल्या क्षणी करंटचा मोठा लोंढा येतो. तार सगळीकडे सारखी असेल तर काही बिघडत नाही. पण महिनोन्‌महिने अणू उडून कुठेतरी ती बारीक झालेली असते. तिथे रोध जास्त, म्हणून उष्णता जास्त, म्हणून आणखी अणू उडतात, म्हणून ती आणखी बारीक. शेवटी एखाद्या संध्याकाळी तो लोंढा तिथेच तार तोडतो. उडालेला टंगस्टन काचेवर बसतो, म्हणून जुना बल्ब आतून काळसर दिसतो.

मग जास्त टिकणारा बल्ब का नाही बनवला?

बनवता येतो. तार कमी तापवली की झालं. व्होल्टेज फक्त ५ टक्के कमी केलं तरी आयुष्य जवळपास दुप्पट होतं, पण उजेड साधारण १६ टक्के घटतो. गावाकडे व्होल्टेज पडलं की बल्ब लालसर मिणमिणतो, पण लवकर उडत नाही, ते यामुळेच. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोरच्या अग्निशमन केंद्रात १९०१ पासूनचा एक बल्ब अजून पेटतो, पण त्याचा उजेड आता साधारण ४ वॉटच्या बल्बइतकाच आहे.

यात कंपन्यांची लबाडीही झाली. १९२४ साली ओसराम, फिलिप्स यांच्यासह बड्या उत्पादकांनी जिनिव्हात 'फीबस' नावाचा गट केला, बल्बचं आयुष्य १००० तासांवर आणायचं ठरवलं आणि जास्त टिकणारे बल्ब काढणाऱ्या सदस्यांना दंड लावला. तरी उजेड आणि आयुष्य यांतली ओढाताण खरीच आहे, ती कुठल्या कंपनीने शोधलेली नाही.

घरातून गेला, पण सगळीकडून नाही

६० वॉटचा बल्ब साधारण ७०० ल्युमेन उजेड देतो. तेवढाच उजेड ७ वॉटच्या आसपासचा एलईडी देतो. रोज ५ तास, ३० दिवस लावला तर बल्ब ९ युनिट खातो, एलईडी जेमतेम १. बल्बच्या विजेतला फार थोडा भाग उजेड होतो, बाकी सगळी उष्णता. म्हणून २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'उजाला' योजनेनंतर देशभर एलईडी झपाट्याने पसरले, आणि ते योग्यच झालं.

पण जिथे उष्णताच हवी, तिथे हा 'तोटा' कामाचा ठरतो. पोल्ट्रीत लहान पिल्लांना ऊब द्यायला पिवळे बल्ब लावतात, तिथे एलईडीचा उपयोग नाही. ओव्हनमध्येही हाच बल्ब, कारण त्या तापमानाला एलईडीची इलेक्ट्रॉनिक्स टिकत नाही.

तिसरी जागा दुरुस्तीचं दुकान. मिक्सर किंवा इस्त्री तपासायला तिथे सिरीज बोर्ड असतो: बिघडलेली वस्तू आणि १०० वॉटचा बल्ब, दोन्ही एका ओळीत. आत शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण फ्यूज उडत नाही, कारण तापलेला बल्ब स्वतःच करंट अडवतो. सर्किट तुटलेलं असेल तर बल्ब पेटतच नाही. मंद पेटला, तर वस्तूतून करंट जातोय पण शॉर्ट नाही. हा बोर्ड थेट मेन लाइनवर चालतो, त्यामुळे जाणकार माणूस सोबत असल्याशिवाय घरी करून बघू नका.

हाताळताना एवढं लक्षात ठेवा

- बल्ब बदलण्याआधी स्विच बंद करा, शक्य असेल तर मेन स्विचही.
- नुकताच बंद केलेला बल्ब लगेच धरू नका, चटका बसतो.
- पेटलेल्या बल्बवर पाण्याचे थेंब उडू देऊ नका, काच तडकते.
- कागद किंवा कापड बल्बला टेकवून ठेवू नका, आग लागू शकते.
- शेडवर किंवा होल्डरवर जितके वॉट लिहिलेत त्यापेक्षा मोठा बल्ब लावू नका.

घरी एखादा उडालेला पारदर्शक बल्ब असेल तर टाकण्याआधी उजेडात धरून बघा. तार कुठे तुटली आहे आणि काच कुठे काळी झाली आहे, दोन्ही दिसेल. काच मात्र फोडू नका, आत बघायला त्याची गरजच नाही.