सोन्याची राज्ये आणि मीठ खणणारी माणसे

६ मार्च १९५७ रोजी ‘गोल्ड कोस्ट’ ही ब्रिटिश वसाहत स्वतंत्र झाली आणि क्वामे एन्क्रुमा यांच्या नेतृत्वाखाली तिने ‘घाना’ हे नाव घेतले. वास्तविक प्राचीन घानाचे राज्य या भूमीवर नव्हतेच. ते तेथून शेकडो मैल वायव्येला, आजच्या मॉरिटानिया आणि माली यांच्या सीमाभागात होते. तरीही नाव बदलले गेले. कारण ‘गोल्ड कोस्ट’ हे नाव लुटणाऱ्याने लुटीच्या मालावरून ठेवलेले होते. १९६० मध्ये ‘फ्रेंच सुदान’ने ‘माली’ हे नाव धारण केले. नामांतराच्या लढ्याची धग सोसलेल्या आपल्या वाचकांना नावाची किंमत वेगळी सांगायला नको.

आफ्रिकेला इतिहास नाही, असे हेगेलने सांगितले. १९६३ साली ऑक्सफर्डचे प्राध्यापक ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनीही तेच सांगितले: आफ्रिकेत युरोपियनांचा इतिहास तेवढा आहे, बाकी अंधार. ज्याला गुलाम करायचे त्याचा भूतकाळ आधी पुसून टाकायचा, ही रीत आपल्या परिचयाची आहे. म्हणून हा इतिहास वाचलाच पाहिजे. पण कोणाच्या नजरेने वाचायचा, हा खरा प्रश्न आहे.

कॉर्डोव्हाच्या अल-बक्री या लेखकाने १०६८ च्या सुमारास घानाचे वर्णन लिहून ठेवले. तो स्वतः तेथे गेला नव्हता; व्यापाऱ्यांकडून ऐकून त्याने लिहिले. सोनिंके लोकांच्या या राज्यात राजाच्या पश्चात त्याच्या बहिणीचा मुलगा गादीवर येई. मीठ लादलेले गाढव राज्यात आले की एक दिनार सोने, आणि तेच मीठ बाहेर निघाले की दोन दिनार, असा कर होता. सोन्याचे गोळे राजाचे आणि भुकटी प्रजेची. नाहीतर सोने मातीमोल होईल. म्हणजे राजाला बाजाराचे गणित पक्के कळत होते. मात्र सोन्याच्या खाणी त्याच्या हाती नव्हत्या. सोने दक्षिणेला बांबुक भागात निघे, मीठ उत्तरेच्या वाळवंटातून येई. घाना मधल्या वाटेवर उभा होता. त्याचे वैभव नाक्यावरचे होते. पाऊस कमी होत गेला, दक्षिणेला बुरेच्या नव्या खाणी पुढे आल्या, व्यापाराची वाट सरकली आणि राज्यही ढासळले. अल्मोराविद फौजांनी १०७६ साली घाना जिंकला असे पूर्वी पुस्तकांतून ठामपणे लिहिले जाई; आजचे अभ्यासक ते तितक्या सहजपणे मान्य करीत नाहीत.

त्यानंतर मालीचा उदय झाला. १२३५ च्या सुमारास किरीनाच्या लढाईत सुंदियाता केइताने सोसोच्या सुमांगुरू कांतेचा पराभव केला. परंपरा सुमांगुरूला लोहार कुळातला मानते. सुंदियाताची गाथा पिढ्यान्‌पिढ्या गाणारे जेली हे केइतांचे आश्रित. तेव्हा त्या गाथेत लोहार राजा क्रूर आणि मायावी ठरला, यात नवल ते काय? बळीराजाची कथा फुल्यांच्या दृष्टीने वाचलेल्या माणसाने येथे थोडे थांबावे.

मालीचा मन्सा मूसा १३२४ साली हजला जाताना कैरोत थांबला. त्याने इतके सोने वाटले की तेथील सोन्याचा भाव उतरला, आणि बारा वर्षांनंतरही तो सावरला नव्हता, असे अल-उमरी लिहितो. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण त्याच अल-उमरीने नोंदवलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. सोने काढणाऱ्या लोकांचे गाव जिंकून तेथे धर्म लादला की त्या गावचे सोने आटे आणि शेजारच्या न जिंकलेल्या मुलखात वाढे. शेवटी मालीच्या राजांनी त्यांचा नाद सोडला आणि खंडणीवर समाधान मानले. ज्यांची नावेही कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या खाणकऱ्यांनी एका साम्राज्याला आपल्या अटीवर थांबवले होते!

मीठ खणणाऱ्यांना मात्र अशी अट घालता आली नाही. १३५२ साली इब्न बतूता तघाझा या गावी पोचला. तेथे झाड नाही. घरे आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. राहतात फक्त मसूफा लोकांचे गुलाम, मीठ खणण्यासाठी. खजूर आणि ज्वारी-बाजरीसारखे धान्य लांबून येईल तेव्हा खायचे. तेथले एक उंटभर मीठ वलाता येथे आठ-दहा मिस्काल सोन्याला आणि मालीच्या राजधानीत वीस-तीस, कधी चाळीस मिस्कालांना विकले जाई. या चढत्या भावातला एक कणही खणणाऱ्याच्या वाट्याला येत नव्हता. मन्सा मूसाच्या दातृत्वाचा हिशेब तघाझापासून मांडला पाहिजे.

समाजरचनाही तपासली पाहिजे. मांदे समाजात ‘होरोन’ म्हणजे स्वतंत्र कुळे, ‘जोन’ म्हणजे गुलाम, आणि लोहार, चर्मकार, जेली यांचा ‘न्यामाकाला’ हा वर्ग. धंदा जन्माने, लग्न आपल्याच गटात. जातीचे मर्म बेटीबंदीत आहे, हे बाबासाहेबांनी १९१६ च्या निबंधात दाखवले होते. तेथे मनुस्मृती नाही, चातुर्वर्ण्य नाही. लोहाराची भीतीही वाटे आणि त्याच्याशी सोयरीकही नको असे. आपली चौकट तेथे जशीच्या तशी बसवणे चूक, पण साम्य न पाहणे ही त्याहून मोठी चूक.

सोंघाईच्या सुन्नी अलीने १४६८ साली टिंबक्टू घेतले. पुढे आस्किया मुहंमदाच्या काळात तेथे विद्या फुलली, ग्रंथांचा व्यापार भरभराटला. दरम्यान १४८२ साली पोर्तुगीजांनी एल्मिना येथे किल्ला बांधला आणि सोने समुद्राकडे वळू लागले. १३ मार्च १५९१ रोजी तोंदिबीच्या रणात मोरोक्कोच्या सुमारे चार हजारांच्या बंदूकधारी फौजेने सोंघाईचे प्रचंड सैन्य उधळले. जिंकणाऱ्यांना खाणी मिळाल्याच नाहीत. त्या दक्षिणेला, त्यांच्या हाताबाहेरच राहिल्या.

टिंबक्टूचा पंडित अहमद बाबा याला बेड्या घालून माराकेशला नेले. आपले सोळाशे ग्रंथ गेले, आणि आपला संग्रह तर घराण्यात सर्वांत लहान, असे तो सांगे. घरात पहिले पुस्तक आणणाऱ्या आमच्यासारख्यांना हा आकडा हेवा वाटायला लावतो. १६१५ साली त्याने लिहिले की काळा रंग हे गुलामीचे कारण होऊ शकत नाही. पण पुढे त्यानेच लिहिले की धर्म न मानणाऱ्याला गुलाम करणे योग्य आहे. एक साखळी तोडली, दुसरी घट्ट केली. विद्वत्ता माणसाला मुक्त करतेच असे नाही.

मॉरिटानियाने गुलामगिरी कायद्याने रद्द केली ती १९८१ साली, आणि गुन्हा ठरवली ती २००७ साली. ज्या भूमीवर घानाचे वैभव उभे होते तीच ही भूमी.

फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलाममुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केले, तेव्हा त्यांनी आपले नाते राजांशी जोडले नव्हते. ‘आमचेही साम्राज्य होते’ हे उत्तर हेगेलला पुरेल, तघाझाच्या गुलामाला पुरणार नाही. आपण त्याच्या बाजूने वाचायचे आहे.